चावरा फ्रिज

आमच्या आळीत कोणाच्या सुनेचं सासूशी किती पटतं याची जेवढी पक्की माहिती असते, तेवढीच कोणाच्या घरातली कुठली वस्तू शॉक मारते याचीही असते. वरच्या घरातल्या मिक्सरला ओला हात लावायचा नाही. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडात टीव्हीमागची केबल हलवायची तर आधी पायात चप्पल. आणि शेजारच्या काकूंचा फ्रिज चावतो. पाहुणा पाणी घ्यायला उठला की काकू बसल्या जागेवरून ओरडतात, "अहो, पायात काहीतरी घाला!" पाहुणा बिचारा फरशी ओली आहे का ते बघत राहतो. हे सगळं सगळ्यांना ठाऊक. वायरमनला तेवढं कोणी सांगत नाही.

यंदा मे संपता संपता काकू गडग्यावर आमसुलं वाळत घालत होत्या आणि मी अलीकडून कोपर टेकून उभी होते. आमच्या रत्नागिरीत मिरगाच्या आधीचे हे दिवस म्हणजे गप्पांना सुगी. हात कामात, तोंड मोकळं.

"काल परत चावला गो," काकू म्हणाल्या. "दूध ठेवायला गेले नि कोपरापर्यंत झिणझिण्या. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ. स्वतः दाराला हात लावून दाखवला मला. काही नाही झालं."

"पायात काय होतं काकांच्या?"

"सपाता. ते कधी काढतात का?"

"आणि तुमच्या?"

"मी कशाला घालू स्वयंपाकघरात? देव्हारा आहे समोर."

काका ओटीवरच पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "टेस्टर लावला होता मी. लागतो जरासा. पण जरासाच."

हा 'जरासा' आळीतल्या यच्चयावत पुरुषांचा आवडता शब्द आहे. टेस्टरमधला निऑनचा दिवा इतक्या क्षुल्लक करंटवर पेटतो की त्यावरून 'काहीतरी आहे' एवढंच कळतं. किती आहे, ते त्या दिव्याच्या बापाला कळत नाही. तो पेटतो तेव्हा करंट आपल्याच अंगातून जमिनीकडे जात असतो, म्हणजे सपाता घालून टेस्टर धरला की तो आणखीच मिणमिणतो. काका सपाता घालून तपासणार आणि काकू अनवाणी दूध ठेवणार. दोघं एकाच फ्रिजबद्दल बोलत नव्हतेच.

मग मी काकूंना डॅलझीलची गोष्ट सांगितली. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे अशी एखादी गोष्ट पदराला बांधलेली असते. चार्ल्स डॅलझील हे अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक. माणसाला करंट कधी जाणवतो, कधी सोसवत नाही, हे त्यांनी राजीखुशीने आलेल्या माणसांच्या हातात तार देऊन मोजलं. पुरुषांना सरासरी १.१ मिलिअँपिअरला झिणझिणी जाणवली. बायकांना ०.७ ला.

काकूंचे हात आमसुलांवरच थांबले. "म्हणजे आम्हाला आधी कळतं?"

"आधीच कळतं. आणि पुढचंही ऐका. करंट वाढवत नेला की हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडता येत नाही. तो आकडा पुरुषांचा १६ च्या आसपास निघाला, बायकांचा साडेदहा. १३४ पुरुष आणि २८ बायकांवर केलं होतं हे."

"अठ्ठावीस बायका तयार झाल्या?" पेपरामागून काका.

"ऐकलंत ना?" काकू तिकडे वळून म्हणाल्या. "मनाचे खेळ नाहीत, बर्कलीला सिद्ध झालंय." त्या दिवसापासून बर्कली हे गाव आमच्या आळीत लांज्याइतकं ओळखीचं झालं.

पण फ्रिज काही बर्कलीने सुधारणार नव्हता. त्याला चिमी बोलवावी लागली. चिमी ही वरच्या आळीतली, माझ्याच हाताखालून गेलेली पोर. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि आता खांद्याला पिशवी लावून स्कूटीवर फिरते. पोरगी शिडीवर चढते म्हणून सुरुवातीला आळीत कुजबुज झाली. आता "वायरमन आली" म्हणतात आणि चहा टाकतात. ती दुपारी आली तेव्हा काकूंचा पुण्याचा मुलगा सुट्टीवर आलेला होता, तोही मध्ये पडला.

"अगं, लॅपटॉपलाही येतं तसं. माझा बघ. वरून हात फिरवला की पत्रा खरबरीत लागतो. नॉर्मल आहे ते."

चिमीने त्याचा लॅपटॉप पाहिला, अ‍ॅडाप्टर उलटा केला आणि म्हणाली, "दादा, तुमचं तुमच्यापुरतं खरं आहे. दोन पिनांचा आहे हा." मग तिने जे सांगितलं ते मी विद्यार्थिनीसारखं ऐकलं. या अ‍ॅडाप्टरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो, आतल्या स्विचिंगची खरखर बाहेर पसरू नये म्हणून. त्यातून किंचित करंट गळतो आणि तिसरी पिनच नसल्याने तो लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन बसतो. मीटर लावला तर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवेल. पण अशा उपकरणांना गळतीची मर्यादा पाव मिलिअँपिअरची. हाताने स्पर्श केला की ते व्होल्ट ढेपाळतात. थंडीत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराची कडी धरली की चटका बसतो, तिथे तर व्होल्ट हजारांत असतात. करंट टिकतच नाही, म्हणून माणूस टिकतो.

"बघ, नॉर्मल," मुलगा म्हणाला.

"अ‍ॅडाप्टर चांगला असेल तर. रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या चार्जरात त्या जागी कसला कपॅसिटर घातलाय ते देव जाणे. चांगल्यातला असा बनवलेला असतो की फुटला तरी वाट तुटते, आरपार जोडली जात नाही. स्वस्तातला जोडला गेला की सगळे २३० व्होल्ट तुमच्या मोबाइलवर. म्हणून आर अक्षराने सुरू होणारा तो बीआयएसचा नंबर बघून घ्यायचा. आणि दादा, लॅपटॉपची झिणझिणी आणि फ्रिजची झिणझिणी हाताला सारखीच लागते. तुम्ही हाताने ठरवलंत, दोन्ही एकच."

तो गप्प झाला. आयटीतली मुलं गप्प झाली की बरं वाटतं, हे माझं खासगी मत.

कोपऱ्यावरच्या केबलचाही उलगडा तिथेच झाला. सेट-टॉप बॉक्स सगळे दोन पिनांचे, प्रत्येकाची चिमूटभर गळती, आणि सगळ्यांच्या केबलची बाहेरची जाळी एकमेकींना जोडलेली. तेव्हा टीव्हीमागचा स्क्रू पिळताना जो चटका बसतो, त्यात आळीतल्या पंधरा-वीस घरांची वर्गणी असते. काकूंना हे फार आवडलं. कोणाचा वाटा किती हे मोजता येईल का, असंही त्यांनी विचारून घेतलं.

चिमीने फ्रिजची पिन काढली. प्लग बरोबर तीन पिनांचा होता. वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. ती लांब असते ती यासाठी, की लावताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. मग तिने मेन पाडला आणि भिंतीतला सॉकेट उघडला. आत हिरवी वायर होती. शिस्तीत तिसऱ्या भोकाला जोडलेली. काका विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागले. पण चिमी ती वायर धरून मेनच्या डब्यापर्यंत गेली, तिथून घराबाहेर, आणि बाहेर भिंतीवर मोजून वीतभर आठ नंबरची जीआय तार उतरली होती. पुढे काही नाही. हवा.

"ही कापली कोणी?"

काकूंना लगेच आठवलं. पुढल्या अंगणात पेव्हर ब्लॉक घातले तेव्हा गवंड्याने विचारलं होतं, ही गंजकी तार कसली? कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने ती छाटून टाकली. अर्थिंगचा खड्डा ब्लॉकांखाली गेला. काकांच्या वडिलांनी तो स्वतः उभं राहून खणून घेतला होता. पाइप, कोळसा, मीठ सगळं व्यवस्थित. मोरीचं पाणीही त्याच्याकडे वळवलं होतं. आळीत म्हातारबुवांना वेडे म्हणायचे. पण आमचा जांभा म्हणजे नुसती भोकं. पावसाळ्यात कितीही पाणी पिऊ दे, पुढल्या मेपर्यंत सगळं खाली निघून जातं, मीठ तर त्याआधीच. कोरड्या जांभ्यात पाइप गाडला काय आणि भिंतीला टेकवून ठेवला काय, फारसा फरक नाही. ओल ठेवली तरच ते अर्थिंग. म्हातारबुवांना हे पक्कं ठाऊक होतं.

फ्रिज मात्र निर्दोष सुटला. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून, दमट हवेत, थोडंफार गळणं चालायचंच. तार होती तोवर ते गुपचूप जमिनीत जायचं. तार गेली, मग काकूंमधून जायला लागलं.

माझ्या घरी तर याहून बहार. "बाई, तुमचाही बघून जाते," म्हणून चिमी आली आणि गिझरच्या सॉकेटपाशी कपाळाला हात लावून उभी राहिली. कोणा एका वायरमनने अर्थिंगची वायर ओढायचे कष्ट वाचवायला तिसऱ्या भोकाला सरळ न्यूट्रल जोडून दिला होता. टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख पेटणार, अर्थिंग फर्स्ट क्लास असं वाटणार. पण तो न्यूट्रल वाटेत कुठे सैल पडला, तुटला, की गिझर चालू करताच सगळे २३० व्होल्ट त्याच्या पत्र्यावर. आणि पत्र्याखाली मी, पाण्यात उभी. ती जोडणी चिमीने पक्कडीने उपटली आणि पिशवीत टाकली. वर्गात दाखवायला नेणार म्हणाली. ती संध्याकाळी आयटीआयच्या पोरांना शिकवायला जाते.

असले जुगाड सगळीकडेच. काकूंची दादरची बहीण सांगते, त्यांच्या जुन्या इमारतीत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधायची रीत होती. पाइप जमिनीतून आलेला, त्यामुळे चालायचं. मग तळमजल्यावर कोणी गळका पाइप बदलून प्लास्टिकचा बसवला आणि वरच्या तिन्ही मजल्यांचं अर्थिंग एका झटक्यात गेलं. एकाच्या घरात गिझर बिघडला की दुसऱ्याचा नळ शॉक मारणार. तिसऱ्या मजल्यावरची बाई कित्येक महिने नळाला फडकं गुंडाळून पाणी भरत होती म्हणे.

"तुमच्याकडे ईएलसीबी नाही?" परत काकूंकडे आल्यावर चिमीने काकांना विचारलं.

काका खाकरले. होता. गणपतीत मखराला रोषणाईच्या माळा लावल्या आणि ऐन आरतीला घालीन लोटांगण सुरू असताना अंधार. पुन्हा वर केला, पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा काकांनी कोणालातरी बोलावून त्याला बगल द्यायला लावली. तो आजतागायत डब्यात आहे, नुसता शोभेला.

"तो बरोबर सांगत होता काका. माळ गळत होती." चिमी म्हणाली. "एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, त्याला माणसाचं काही देणंघेणं नाही. हा माणसासाठी. गेला तेवढा करंट परत आला का, एवढंच हा मोजत बसतो. ३० मिलिअँपिअर वाटेत हरवले की क्षणात पाडतो. अर्थिंग धड नसलं तरी पाडतो." मी मध्ये घातलं की असंच यंत्र अमेरिकेत १९६१ मध्ये काढलं ते त्याच डॅलझीलने. काकूंनी काकांकडे असं पाहिलं की ते त्याच दिवशी नवीन आणायला बाजारात गेले. आणल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून दाबून त्यांनी घरातली घड्याळं बिघडवली, तो भाग वेगळा.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. चिमी पिशवी भरत होती तेवढ्यात काकू सहज म्हणाल्या, "आमची कपड्याची तारही चावते हो कधीकधी. पण ते नानांचं काम."

"नानांचं म्हणजे?"

नाना म्हणजे काकूंचे पलीकडचे शेजारी. फणसाच्या फांदीवरून बोलणं बंद. कपड्याची जीआय तार मात्र भांडणाच्या आधीची, म्हणून ती काकूंच्या आंब्यापासून नानांच्या पंपाच्या पत्र्याच्या शेडपर्यंत अजून ताणलेली. काकूंचा ठाम समज असा, की नाना मुद्दाम काहीतरी करतात. "सकाळी साडेसहाला मी कपडे घालायला जाते, तेव्हाच चावते. दुपारी काढताना नाही. बरोबर वेळ साधतात."

"साडेसहाला नाना काय करतात?"

"पंप लावतात. माडांना पाणी."

चिमी हसायची थांबली. पिशवी तिथेच टाकून ती नानांच्या अंगणात गेली. पहिला प्रश्न पंपाचा मेन कुठे आहे हा. तो पाडला, मगच शेडपाशी गेली. पंपाची केबल पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत गेली होती. भोकाला रबरी बूच नाही. पंप सुरू झाला की पत्रा थरथरायचा आणि त्याची धार केबलवर करवतीसारखी चालायची. वरचं आवरण कापून आत तांबं दिसत होतं. म्हणजे पंप सुरू असेतो आख्खी शेड, आणि तिला बांधलेली तार, २३० व्होल्टवर. शेडचे खांब कोरड्या जांभ्यावर, त्यामुळे फ्यूज उडायचं काही कारणच नाही.

"मला कधी लागला नाही," नाना म्हणाले. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट.

"मी शिमग्यापासून सांगतेय," नानी आतून म्हणाल्या.

"काकू, तुम्हाला एवढाच का लागायचा माहितेय?" चिमी गडग्याशी येऊन म्हणाली. "सकाळी अंगणात जाताना तुम्ही चप्पल घालता म्हणून. आणि मे महिना म्हणून. कोरडी कातडी, कोरडी जमीन, रबरी चप्पल, तर झिणझिणी. आठ दिवसांनी पाऊस लागला असता. ओले कपडे, ओले हात, चप्पल भिजलेली. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमवर येतो. करा बाई हिशोब."

हिशोब मला तोंडी येत होता. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. साडेदहाला बाईचा हात तारेवरून सुटत नाही. मी तो आकडा काकूंना सांगितला नाही, पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखला असावा. त्या पहिल्यांदाच नानांच्या अंगणाकडे न बघता खाली बघत राहिल्या.

दरवर्षी पहिल्या पावसात आपल्याकडे पेपरात ती बातमी येतेच. कपडे वाळत घालताना बाईला शॉक, सोडवायला गेलेला नवराही गेला. आपण वाचतो, हळहळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तारेवर चादर टाकतो. पत्र्याच्या शेडला, लोखंडी खांबाला कपड्याची तार बांधायची गरजच काय असते, हे मला कोणी समजावून सांगावं. नायलॉनची दोरी काय सोन्याच्या भावाने मिळते?

चिमीने तार स्वतः तोडून गुंडाळून नेली. नानांच्या केबलचा तो तुकडा काढून नवा घातला, भोकाला बूच बसवलं, शेडला वेगळं अर्थिंग दिलं. पैशांवरून थोडी ओढाताण झाली. काकूंचं म्हणणं, शॉक आम्ही खाल्ला, पैसे तुम्ही द्या. नानांचं म्हणणं, तार दोघांची होती. हे सगळं एकमेकांशी न बोलता, माझ्यामार्फत. शेवटी नानींनी बटव्यातून पैसे काढून दिले आणि नानांना आत बोलावलं.

चहा पिताना चिमीने जाता जाता विचारलं, आळीत आणखी कुठे काही जाणवतं का. काकू म्हणाल्या, नाही. मग म्हणाल्या, वळणावरच्या दिव्याच्या खांबाशी गुरं थांबत नाहीत. पूर्वी तिथे अंग घासायची. हल्ली लांबून वळसा घालून जातात, कुत्रीही.

"कधीपासून?"

"वळिवाचा पाऊस पडून गेला ना, तेव्हापासून."

चिमीने कप खाली ठेवला. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, खूर ओल्या जमिनीवर, त्यामुळे जमिनीतल्या व्होल्टचा फरक त्यांना माणसाच्या आधी लागतो. "त्या खांबाला मी हात लावणार नाही, ते काम माझं नाही. पोरांना तिकडे जाऊ देऊ नका आणि आत्ताच्या आत्ता १९१२ ला फोन लावा. खांबाचा नंबर सांगायचा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा."

काकूंनी फोन हातात घेतला, मग जरा विचार करून माझ्याकडे दिला. "नानांना लावायला सांग गो. त्यांचा आवाज मोठा आहे, नि भांडायची सवयही आहे."